भाकरीची चिठ्ठी आणि अध्यक्षांची खुर्ची

संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा संस्थापक कोण, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या परीक्षेत विचारला, तर आपली मुले तत्काळ उत्तर देतात : फ्रेडरिक ओझानाम. हे उत्तर चूक नाही. परंतु ते पुरेसेही नाही. ओझानाम हा या सोसायटीचा पहिला अध्यक्ष नव्हता, दुसराही नव्हता आणि तिसराही नव्हता. उपाध्यक्ष म्हणून त्याने काम पाहिले. पण सोसायटीच्या सर्वोच्च खुर्चीवर तो कधी बसला नाही. इतकेच नव्हे, तर संस्थापक म्हणून आपले एकट्याचेच नाव घेतले जावे, हे त्याला रुचत नसे. त्याच्या निधनानंतर खरा संस्थापक कोण, यावरून स्नेह्यांत वाद झाला. पण त्या वादात भाग घ्यायला तो स्वतः हयात नव्हता, ही एका परीने देवाची कृपाच म्हणावी लागेल.

सुमारे १५० देशांत पसरलेल्या या सोसायटीच्या इतिहासात ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात ओझानामचे चरित्र सांगण्याचा आमचा हेतू नाही. 'अध्यक्ष' नावाच्या माणसाकडून या सोसायटीने काय काम करून घेतले आणि तो फार मोठा होऊ नये यासाठी कोणती काळजी घेतली, एवढेच आम्ही पाहणार आहोत. हा विषय काढण्यास कारणही आहे. आपल्या धर्मग्रामांतील शाखांची, म्हणजे ज्यांना आपण 'कॉन्फरन्स' म्हणतो त्यांची, निवडणूक जवळ आली की दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक, ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षे गरिबांचे उंबरठे झिजविले, पण अध्यक्ष व्हा म्हटले की जे मागच्या दाराने निघून जातात. आणि दुसरी, ज्यांना कोणत्याही गरिबाचे घर ठाऊक नसते, पण अध्यक्षपदाचा फलक कसा असावा हे नेमके ठाऊक असते. दोघांनाही या इतिहासातून काही सापडेल, असे आम्हांस वाटते.

सोसायटीने ज्यांचे नाव धारण केले, त्या व्हिन्सेंट डी पॉल यांच्यापासूनच प्रारंभ करणे योग्य होईल. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यात ते फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी प्रमुख धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सेची तयारी करीत असताना त्यांना निरोप आला, की गावाबाहेरच्या एका घरात सगळी माणसे आजारी पडली असून एकमेकांना पाणी देण्याइतकेही त्राण कोणात उरलेले नाही. प्रवचनात त्यांनी ही हकीगत लोकांसमोर ठेवली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कुणी अन्न देऊन परत येत होत्या, कुणी घेऊन चालल्या होत्या, आणि उन्हाचा कडाका असल्याने कुणी झाडाखाली विसावल्या होत्या. त्या घरात इतके अन्न साठले, की त्यातले बरेचसे नासून जाणार आणि चार दिवसांनी पुन्हा चूल थंड पडणार, हे व्हिन्सेंट यांच्या लक्षात आले. दयेला तोटा नव्हता; तिला वेळापत्रक नव्हते.

मग त्यांनी काय केले? स्वतः त्या अन्नाचे कोठारपाल झाले नाहीत. गावातल्या स्त्रियांना एकत्र बोलावले आणि त्यांचा एक संघ स्थापन केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या संघाला रीतसर नियम मिळाले. कोणत्या दिवशी कोणी स्वयंपाक करायचा, रोग्याच्या अंथरुणाजवळ जेवण कसे मांडायचे, इथपर्यंतचे तपशील त्यात आहेत. संघाची प्रमुख त्या स्त्रियांनी आपल्यातूनच निवडायची होती, आणि पैशाचा हिशेब ठेवणारी बाईही निराळी असायची होती. सतराव्या शतकातील खेड्यातल्या बायांच्या हाती एका धर्मगुरूने संघटना सोपविली, याचे आजही नवल वाटावे. मात्र त्या प्रमुख बाईचीही स्वयंपाकाची पाळी चुकत नव्हती, हे विसरता कामा नये.

पॅरिसकडे वळण्यापूर्वी आपल्याच अंगणात थोडे थांबू. प्रापंचिकांनी चालविलेली ख्रिस्ती दानसंस्था वसईला व्हिन्सेंट यांच्याही आधीपासून माहीत होती. पोर्तुगालची विधवा राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ मध्ये लिस्बन येथे 'मिझेरिकॉर्दिया' म्हणजे दयासंघ स्थापन झाला. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे हा संघ गेला : गोवा, चौल, दीव, दमण आणि आपली वसई. रुग्णालय चालविणे, कैद्यांना अन्न पोहोचविणे, अनाथ मुलींच्या लग्नासाठी हुंडा देणे, बेवारस प्रेतांचे दफन करणे, अशी त्याची कामे असत. संघाचा प्रमुख 'प्रोव्हेदोर' हा धर्मगुरू नव्हे, तर बंधूंनी वर्षासाठी निवडलेला मनुष्य असे. त्याला वेतन नसे. निवडणूक होई ती २ जुलै रोजी, पवित्र मरियेने एलिझाबेथची भेट घेतल्याच्या सणाच्या दिवशी. एकमेकींच्या घरी जाण्याचा हा सण दानसंस्थेच्या निवडणुकीसाठी कोणी निवडला असेल, त्याच्या कल्पकतेचे कौतुक वाटते.

परंतु प्रोव्हेदोर होण्यासाठी उमराव असणे आवश्यक होते. बंधूंमध्येही उच्चकुलीन आणि कारागीर असे दोन वर्ग असत आणि पुढे पुढे तर 'शुद्ध रक्ता'ची अटही आली. आशियातील पोर्तुगीज वसाहतींत हे पद इतके मानाचे झाले, की बड्या सत्ताधाऱ्यांनाही ते आपल्या नावामागे असावेसे वाटे. आता याचा अर्थ आपल्या पूर्वजांच्या बाजूने लावून पाहा. इथला नवख्रिस्ती शेतकरी, कोळी किंवा सुतार मिझेरिकॉर्दियाच्या दाराशी उभा राहू शकत होता. त्या दाराआड निर्णय घेणाऱ्यांच्या मेजाशी त्याला सहसा जागा नव्हती. दयासंघाने केलेल्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. त्याच्या रुग्णालयात कितीकांनी शेवटचा श्वास शांतपणे घेतला असेल. पण दान देणारा वर आणि घेणारा खाली, ही मांडणी त्या संघाच्या घटनेतच होती, आणि प्रमुखाची खुर्ची ही त्या उतरंडीचा कळस होती. १७३९ साली वसईवर मराठ्यांचा झेंडा लागला आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर वसईचा तो दयासंघही इतिहासजमा झाला.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी दानसंस्थेची मांडणी अगदी वेगळ्या रीतीने केली. त्यांच्यापाशी उमरावीही नव्हती आणि पैसाही नव्हता.

ओझानामचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान येथे झाला आणि तो वाढला लियोंमध्ये. वडील डॉक्टर होते. गरिबांवर विनामूल्य उपचार करण्याची त्यांची रीत होती. १८३७ साली अशाच एका रोग्याला पाहायला गेले असता जिन्यावरून पडून ते मरण पावले. १८३१ मध्ये मुलगा कायदा शिकायला पॅरिसला आला आणि काही काळ विख्यात पदार्थवैज्ञानिक अँपियर यांच्या घरी राहिला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. अठरा हजारांवर माणसे दगावली आणि त्यांत गरीब वस्त्यांतील लोकांचा भरणा अधिक होता. याच सुमारास हे कॅथोलिक विद्यार्थी इतिहासावर चर्चा करण्यासाठी जमत. त्या चर्चामंडळाचे नावच 'कॉन्फरन्स'. श्रद्धावान आणि श्रद्धाहीन दोघांनाही तिथे बोलण्याची मोकळीक असे. ओझानाम ख्रिस्तसभेने इतिहासात केलेल्या उपकारांचे दाखले देई, तेव्हा समोरच्या बाकावरून प्रश्न येई : ते सारे ठीक, आज तुम्ही काय करता?

प्रश्न बोचरा होता. त्याला व्याख्यानाने उत्तर देता येण्यासारखे नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, 'ला ट्रिब्युन कॅथोलिक' या पत्राच्या कचेरीत सात जण बसले. ओझानाम, ल तायांदिए, लामाश, लालिए, देव्हो आणि क्लाव्हे हे सहा विद्यार्थी. सातवे त्या पत्राचे संपादक एमॅन्युएल बायी. विद्यार्थी विशीच्या आसपासचे, तर बायी चाळिशीच्या उंबरठ्यावर. साहजिकच अध्यक्षपद बायी यांच्याकडे आले. त्यांना अध्यक्ष केले ते वयामुळे, विद्यार्थ्यांविषयीच्या जिव्हाळ्यामुळे आणि कदाचित बसायला त्यांच्याकडे जागा होती म्हणूनही! मोठ्या संस्थांचे पहिले अध्यक्ष पुष्कळदा अशाच साध्या कारणांनी निवडले जातात. देव्होकडे खजिना सोपविण्यात आला. खजिना म्हणजे काय, तर सभेच्या शेवटी एकमेकांपुढे फिरवून जे काही जमेल ते.

गरिबांना मदत करायची खरी, पण गरीब राहतात कुठे? या मुलांना ते ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते मुफतार वस्तीतील एका धर्मभगिनीला. सिस्टर रोझाली रेंदू ही व्हिन्सेंट यांच्याच 'दयाकन्या' संघातील. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती त्या वस्तीत आली आणि १८५६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. पटकीच्या साथीत तिने वस्ती सोडली नव्हती. प्रत्येक जिना तिच्या परिचयाचा. तिने या विद्यार्थ्यांना कुटुंबांची नावे दिली, आणि सोबत दिल्या भाकरीच्या चिठ्ठ्या. ही चिठ्ठी दाखविली की दुकानदार पाव देई. विद्यार्थ्यांकडे स्वतःच्या चिठ्ठ्या छापण्याइतके पैसे येईपर्यंत तिच्याच चिठ्ठ्यांवर काम चालले. तिने आणखीही एक गोष्ट दिली : गरिबाच्या घरी गेल्यावर आधी बसावे, आधी ऐकावे, उपदेशाची घाई करू नये, हा धडा. ज्यांना जग पुढे संस्थापक म्हणून ओळखणार होते, त्यांची शिक्षिका ही एक धर्मभगिनी होती. २००३ साली तिला धन्यवादित घोषित करण्यात आले, ओझानामच्या नंतर सहा वर्षांनी.

ओझानामच्या वाट्याला आलेल्या पहिल्या कुटुंबाची हकीगत चरित्रकारांनी नोंदविली आहे. पाच मुलांची आई. नवरा दारुडा, तिची सारी मजुरी हिसकावून घेणारा आणि वर मारहाण करणारा. ओझानामने चौकशी केली, तेव्हा त्या दोघांचा विवाह कायदेशीर झालेलाच नाही, असे निष्पन्न झाले. कायद्याच्या विद्यार्थ्याला वाट सापडली. त्या बाईला त्या माणसाच्या तावडीतून सोडविण्यात आले. मित्रांनी वर्गणी काढून तिला धाकट्या मुलांसह तिच्या मुलखात, ब्रिटनीत, पाठविले. आणि थोरल्या दोघांना बायी यांच्या छापखान्यात काम मिळाले. या हकीगतीत भाकरीची चिठ्ठी कुठेच नाही, हे ध्यानात घ्यावे. चिठ्ठी हे दार उघडण्याचे निमित्त होते. दाराच्या आत गेल्यावर डोके, शिक्षण, ओळखी, छापखाना, जे जे आपल्यापाशी असेल ते सारे कामी लावायचे होते.

फेब्रुवारी १८३४ मध्ये या मंडळाने संत व्हिन्सेंट डी पॉल यांना आश्रयदाते म्हणून स्वीकारले. त्या वर्षाच्या अखेरीस सभासद शंभरावर गेले आणि पहिला पेच उभा राहिला. एका खोलीत शंभर माणसे बसली की गरिबांच्या घरांची चर्चा व्हायची कशी? ओझानामने सुचविले, की मंडळाची विभागणी करावी. या सूचनेने मोठा क्षोभ झाला. जी मैत्री हीच या मंडळाची ताकद, ती आपल्या हाताने तोडायची? डिसेंबरातल्या बैठकांत आवाज चढले, डोळे पाणावले. शेवटी १८३५ च्या प्रारंभी दोन भाग झाले : एक संत एतियेन-द्यु-मों या ख्रिस्तमंदिराच्या परिसरात, दुसरा संत सुल्पीसच्या परिसरात.

आम्हांला विचाराल तर सोसायटीचा खरा जन्म १८३३ मध्ये नव्हे, या विभागणीत झाला. १८३३ साली झाले ते एक मित्रमंडळ. मित्रमंडळ वाढले की बहुधा दोन गोष्टी होतात. ते विस्कटते तरी, किंवा त्याचा एक मोठा पुढारी होतो आणि बाकीचे त्याचे अनुयायी होतात. या तरुणांनी तिसरी वाट काढली. मंडळ वाढले की फोडायचे. प्रत्येक तुकड्याला आपला अध्यक्ष, आपला चिटणीस, आपला खजिनदार. आणि तुकडी इतकी लहान ठेवायची, की अध्यक्षाला प्रत्येक कुटुंबाचे नाव ठाऊक असेल. त्याच वर्षी बायी आणि लालिए यांनी नियमावली सिद्ध केली. आज आपल्या कॉन्फरन्समध्ये जे चालते, ते बहुतेक तिथूनच आले आहे : आरंभी प्रार्थना, थोडे आध्यात्मिक वाचन, भेटी दिलेल्या घरांचा वृत्तान्त, कोणाला काय द्यायचे याचा निर्णय आणि अखेरीस गुप्त वर्गणी. पिशवी फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो. अध्यक्षाने किती टाकले आणि बेकार तरुणाने किती टाकले, हे कोणालाही कळत नाही. मिझेरिकॉर्दियाच्या बंधूंमध्ये उमराव आणि कारागीर अशा दोन रांगा होत्या. या पिशवीला रांगा नाहीत.

बायी यांनी अकरा वर्षे अध्यक्षपद सांभाळून १८४४ मध्ये ते सोडले. त्यांच्या जागी ओझानाम सहज येऊ शकला असता. त्या वेळी तो सोर्बोन विद्यापीठात परदेशी साहित्याचा प्राध्यापक झाला होता, नाव होते, वक्तृत्व होते. पण निवड झाली ज्यूल गोसँ यांची, आणि १८४८ मध्ये आदोल्फ बोदों यांची, ज्यांनी अद्याप तिशीही गाठली नव्हती. ओझानाम कॉन्फरन्सच्या कामात राहिला आणि घरांना भेटी देत राहिला. १८५२ च्या नववर्षदिनाची गोष्ट सांगतात. एका कुटुंबाने आपले खणांचे कपाट गहाण टाकल्याचे त्याला कळले होते. पूर्वीच्या सुस्थितीची ती शेवटची खूण होती. ते सोडवून आणावे, असे त्याच्या मनात आले. पण घरच्यांच्या सांगण्यावरून तो थांबला. सायंकाळी घरी भेटवस्तूंनी आणि खेळण्यांनी भरलेली खोली पाहून त्याला चैन पडेना. तसाच उठला, ते कपाट सोडविले, त्या घरी पोहोचते केले, आणि मग सणाला बसला. दीड वर्षाने, ८ सप्टेंबर १८५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मार्सेय येथे त्याने देह ठेवला.

बोदों यांची कारकीर्द विलक्षण. अध्यक्ष होऊन काही महिने होतात न होतात, तोच जून १८४८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर उपाशी कामगार आणि सैन्य यांच्यात रणकंदन माजले. समेट घडवून आणावा, अशी विनंती ओझानाम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या आर्चबिशपांना केली. आर्चबिशप आफ्र अडथळ्यांच्या भिंतीपर्यंत गेले आणि गोळी लागून प्राणास मुकले. त्याच दंगलीत बोदों यांचा पाय जबर जखमी झाला. तेव्हापासून १८८६ पर्यंत, तब्बल अडतीस वर्षे, हा मनुष्य अध्यक्ष होता. इतकी वर्षे एकाने खुर्ची अडवावी, हे आम्हांस आदर्श वाटत नाही, आणि सोसायटीलाही पुढे ते वाटले नसावे. आजच्या नियमावलीत पदाच्या मुदतीला मर्यादा घातलेली आहे. पण बोदों यांच्याच कारकीर्दीत अध्यक्षपदाची सर्वांत कठोर परीक्षा झाली, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

तिसऱ्या नेपोलियनचे राज्य होते. फ्रान्समध्ये सोसायटीच्या हजारांवर कॉन्फरन्स झाल्या होत्या. गावोगावी माणसे, नियमित बैठका, पॅरिसला एक मध्यवर्ती मंडळ, आणि सारे सरकारच्या हुकमाबाहेर. कोणत्याही हुकूमशहाला अशी वीण अस्वस्थ करते. शिवाय तिच्या पुढाऱ्यांत जुन्या राजघराण्याविषयी सहानुभूती बाळगणारे काही होते, ही शंका होतीच. १६ ऑक्टोबर १८६१ रोजी गृहमंत्री पर्सिनी यांनी परिपत्रक काढले. स्थानिक शाखांनी परवानगी घेऊन गरिबांची सेवा खुशाल करावी. परंतु मध्यवर्ती मंडळ नको. पुढे सरकारने एक सवलत देऊ केली : मध्यवर्ती मंडळ राहू द्या, मात्र त्याचा अध्यक्ष सम्राट नेमील.

वरवर पाहता यात बिघडले काय? कामाला धक्का नाही. उलट सम्राटाने नेमलेला अध्यक्ष म्हणजे प्रतिष्ठा, आणि कदाचित तिजोरीही. त्याच परिपत्रकाच्या कचाट्यात सापडलेल्या फ्रीमेसन मंडळींनी १८६२ च्या जानेवारीत सम्राटाने नेमलेला सेनापती आपला प्रमुख म्हणून मान्य केला. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत मात्र कॉन्फरन्सना कौल विचारण्यात आला, आणि बहुसंख्य शाखांनी नकार दिला. वरून नेमलेल्या अध्यक्षापेक्षा मध्यवर्ती मंडळ नसलेले त्यांनी पत्करले. किंमत जबर होती. मध्यवर्ती मंडळ बंद झाले, अनेक कॉन्फरन्सची दारे लागली. साम्राज्य कोसळल्यावरच, म्हणजे १८७० नंतर, फ्रान्समधील सोसायटीला मोकळा श्वास घेता आला. ज्या कुटुंबांना त्या अवधीत पाव मिळाला नाही, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय कसा होता, असा प्रश्न कोणी केला, तर तो अस्थानी नाही. आमच्या मते तरीही तो निर्णय योग्य होता. सम्राटाच्या माणसाने पाठविलेला पाव हा सम्राटाचा पाव झाला असता, आणि तो घेणाऱ्याला त्याचे मोल पुढे कुठे ना कुठे चुकवावे लागले असते. मदतीच्या पिशवीवर स्वतःचे छायाचित्र छापणारे पुढारी आपणही पाहतोच!

फ्रान्समध्ये असा अंधार असताना समुद्रापलीकडे सोसायटी वाढत होती. मुंबईलाही ती एकोणिसाव्या शतकातच पोहोचली. पण दूरदेशच्या अध्यक्षांपैकी ज्याची कथा आमच्या मनातून जात नाही, तो चार्ल्स गॉर्डन ओनील. हा स्कॉटलंडचा स्थापत्य अभियंता. तरुणपणीच सोसायटीत आला, ग्लासगोकडील शाखांचा अध्यक्ष झाला. १८६४ मध्ये तो न्यूझीलंडला गेला, तिथल्या संसदेवर निवडून आला, वेलिंग्टन शहराच्या ट्रामचे काम त्याने केले. १८८१ मध्ये तो सिडनीला आला आणि त्याच वर्षाच्या जुलैत चर्च हिल येथील संत पॅट्रिकच्या ख्रिस्तमंदिरात त्याने कॉन्फरन्स सुरू केली. पुढल्या दहा वर्षांत शहरभर शाखा उभ्या राहिल्या. नंतर १८९० च्या दशकातील आर्थिक मंदी आली. ओनील कफल्लक झाला. अध्यक्षपद त्याने आधीच सोडले होते. ज्या 'द रॉक्स' या बंदरालगतच्या गरीब वस्तीत सोसायटीचे सभासद मदत घेऊन जात, तिथेच तो आपल्या भावासह राहू लागला, आणि ८ नोव्हेंबर १९०० रोजी निर्धन अवस्थेत वारला. मिझेरिकॉर्दियाच्या प्रोव्हेदोराचे असे झाले असते, तर ती त्या पदाची नामुष्की ठरली असती. ओनीलची मात्र सिडनीच्या सोसायटीला लाज वाटत नाही. ती त्याला आपला संस्थापक म्हणून अभिमानाने मिरविते.

स्त्रियांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास लंगडा राहील. शातियोंला स्त्रियांनी सुरू केलेले काम पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी उचलले खरे, पण आपल्या सोसायटीत त्यांनी स्त्रियांना घेतले नाही. १८५६ मध्ये बोलोन्या येथे स्त्रियांच्या स्वतंत्र कॉन्फरन्स सुरू झाल्या आणि दोन्ही प्रवाह एक व्हायला १९६७ साल उजाडावे लागले. सिस्टर रोझालीच्या बोटाला धरून जे चालायला शिकले, त्यांना हे सुचायला शतकाहून अधिक काळ लागावा, हे विपरीतच. आज आपल्याकडे घरोघर जाणाऱ्यांत स्त्रियाच अधिक आहेत, असा आमचा तरी अनुभव आहे.

आता राहिला आम्हा धर्मगुरूंचा प्रश्न. सोसायटीच्या नियमानुसार धर्मगुरू हा आध्यात्मिक मार्गदर्शक. त्याने बैठकीस यावे, बोलावे, सल्ला द्यावा. मतदान करू नये. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा आदेश निघाला नोव्हेंबर १९६५ मध्ये. या सोसायटीने ती गोष्ट एकशेतीस वर्षे आधी आचरणात आणली होती. सेमिनरीत आम्ही तो आदेश अभ्यासला, त्यावर परीक्षाही दिली. धर्मग्रामात मात्र तो पाळणे कागदावर वाटते तितके सोपे नसते. लोकच येऊन म्हणतात, "फादर, तुम्हीच काय ते ठरवा." अध्यक्षालाही ते सोयीचे असते, कारण नकार द्यायचा झाला तर तो फादरांच्या नावावर खपतो. आणि आम्हांला, खरे सांगायचे तर, ठरवायला आवडते.

एका धर्मग्रामात आम्ही असताना तिथल्या कॉन्फरन्सचे अध्यक्ष गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. शिक्षण बेताचे, इतिवृत्त चिटणिसाकडून वाचून घेत. जूनच्या तोंडावर पावसाची चाहूल लागली, की कोणाच्या घरावर ताडपत्री हवी, कोणाच्या मुलाची शाळेची फी अडली आहे, कोणती म्हातारी औषध अर्धेच घेते, हे त्यांना यादी न पाहता ठाऊक असे. एका वर्षी एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली. अट एवढीच, की धान्यवाटप ख्रिस्तमंदिराच्या पटांगणात व्हावे आणि त्याचे फोटो निघावेत. रक्कम खरोखरच मोठी होती. आम्ही मार्गदर्शक म्हणून दोन्ही बाजू मांडल्या. अध्यक्षांनी सर्वांना बोलू दिले, आणि मग विचारले, की आपण ज्या अकरा घरांत जातो, त्यांपैकी पटांगणात कोण कोण येईल? सभासदांनी बोटे मोजली. चार घरे येतील, असा अंदाज निघाला. उरलेली सात येणार नाहीत, आणि गरज त्याच सातांना जास्त आहे, यावर कोणाचे दुमत नव्हते. देणगीदाराकडे दोघा सभासदांना पाठवून अट मागे घेण्याची विनंती करायची, असे ठरले. चिटणिसाने ते टिपून घेतले, पिशवी फिरली, आणि भेटींच्या जोड्या ठरविताना अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे स्वतःकडे रेल्वेरुळांपलीकडचे, सर्वांत लांबचे घर घेतले.